क्विल्टच्या प्रदर्शनाला जायचं म्हणता?

क्विल्ट म्हणजे तीन थरांची गोधडी: वर कापडाचे तुकडे जोडून केलेला टॉप, मध्ये भरण, खाली पाठ. थर एकत्र शिवून घ्यायला आमच्या दुकानात टॉप टाकायला आलेले ग्राहक "प्रदर्शनाला जावं का?" असं हमखास विचारतात. काउंटरवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून ते इथे लिहून काढलं आहे. आधीच कबूल करतो, अशा प्रदर्शनांत आमचाही स्टॉल असतो. तरी सल्ला हाच, की बघायला जा. पिशव्या भरायला म्हणून जाल तर पस्तावाल.

बघायचं काय?

मोबाइलवर क्विल्ट दिसते, पण तिची शिलाई दिसत नाही. टाक्यांमुळे कापडावर उठणारे उंचवटे नि खळगे बाजूने येणाऱ्या उजेडातच कळतात, आणि फोटोत ते सपाट होऊन जातात. प्रदर्शनात क्विल्टसमोर आधी दहा पावलं लांब उभे राहा, मग वीतभर अंतरावर या. लांबून रंगांची मांडणी दिसेल, जवळून शिवणाऱ्याचा हात दिसेल. परीक्षकही साधारण याच क्रमाने बघतात.

जवळ गेल्यावर नजर कडेवर न्या. बाइंडिंगच्या, म्हणजे कडेभोवती शिवलेल्या पट्टीत भरण टोकापर्यंत पोचलंय की पट्टी पोकळ लोंबतेय? कोपरे काटकोनात दुमडून टाचलेत का? नक्षीतल्या ताऱ्यांची टोकं शिवणीत गिळली गेलीत का? यंत्राच्या शिलाईत बॉबिनचा (खालच्या रिळाचा) दोरा वर ठिपक्यांसारखा डोकावत असेल, तर ताण जुळलेला नव्हता, एवढं तिथल्या तिथे ओळखता येतं. शिलाई एका भागात दाट आणि दुसऱ्यात विरळ असली की क्विल्ट सरळ लटकत नाही, तिची कड लाटेसारखी हलते. हे आम्ही दुकानात कितीही समजावलं तरी पटत नाही, तिथे पाच मिनिटांत पटतं.

आणि पाठ! हात लावायचा नाही, कारण बोटांचं तेल आणि मळ कापडात उतरतो. बहुतेक मोठ्या प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात, ते कड उचलून मागची बाजू दाखवतात. बिनधास्त विचारा, त्यांचं कामच ते आहे. शिवणारा माणूस किती नेटका आहे ते पाठ सांगते.

मन खट्टू होतं, त्याबद्दल

"ते बघून आले आणि आठवडाभर सुईला हात लावला नाही," असं आम्ही अनेकदा ऐकलंय. तिथे टांगलेलं काम कुठून आलं ते आधी समजून घ्या. अमेरिकेतल्या ह्यूस्टन किंवा पडुकाच्या स्पर्धांत प्रवेशासाठी पाठवलेल्या कामांतून निवड होते. म्हणजे तुम्ही बघता ती चाळणीतून उरलेली कामं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्सची स्पर्धा खुली आहे, तिथे नवशिक्याचं कामही रांगेत लागतं. अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या सिस्टर्स गावात १९७५ पासून जुलैच्या दुसऱ्या शनिवारी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर क्विल्टा टांगतात, तो मामला आणखी मोकळा. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्य असेल तर खुलं प्रदर्शन निवडावं, असं आमचं मत.

दुसरं म्हणजे रिबिन, म्हणजे बक्षिसाची फीत, मिळालेली प्रत्येक क्विल्ट एकट्याने, घरच्या मशिनवर केलेली नसते. टॉप एकाचा आणि लाँगआर्मवरची (थर शिवायच्या मोठ्या मशिनवरची) शिलाई दुसऱ्याची, असं सर्रास असतं. शेजारच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं. पाटी वाचा, मग स्वतःला नावं ठेवा.

भिंतीवरची क्विल्ट म्हणजे पूर्ण क्विल्टही नव्हे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकन क्विल्टा चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या आणि लोक त्यांच्याकडे कला म्हणून बघू लागले. चांगलंच झालं. पण ऊब, वजन, धुतल्यानंतरचा मऊपणा यांना भिंतीवर गुण मिळत नाहीत. तुमची क्विल्ट पलंगावर अंथरायची असेल तर तिचा न्याय भिंतीवरच्या मापाने करू नका.

खरेदीचा सापळा

ह्यूस्टनचा तो प्रचंड महोत्सव १९७० च्या दशकात क्विल्टचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी उभा केला. दुकानदारी आणि प्रदर्शन तेव्हापासून हातात हात घालून चालतात, आणि आम्हीही त्यातलेच.

फॅट क्वार्टरच्या, म्हणजे कापून ठेवलेल्या कापडाच्या तुकड्यांच्या गठ्ठ्यांना फार लवकर भुलायला होतं. एक तुकडा साधारण १८ बाय २२ इंचांचा. ठोकळ्यांना (टॉपमधल्या नक्षीच्या चौकोनांना) उत्तम, पण पाठीला निरुपयोगी. ९० बाय १०० इंचांच्या क्विल्टची पाठ ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून काढायची तर साधारण ७.५ मीटर लागतं. हा आकडा खिशात ठेवा, कारण सुंदर कापड दोन मीटर आणून "यातच पाठ बसवा" म्हणणारे ग्राहक आमच्याकडे वरचेवर येतात.

हॉलच्या दिव्यांखाली रंग फसवतात. चालू कामातल्या कापडांच्या चिंध्या एका कार्डावर चिकटवून न्या आणि जुळणी खिडकीपाशी करा. पहिल्या फेरीत काहीच विकत घेऊ नका. एखादी वस्तू दुसऱ्या फेरीतही आठवली तर घ्या. संपून गेली तर गेली.

मशिनचं प्रात्यक्षिक नेहमी कडक, ताज्या सुती कापडावर होतं, त्यावर कुठलंही मशिन झकास चालतं. घरून तुमचं कापड, तुमचं भरण, तुमचा दोरा घालून फूटभराचा नमुना टाचून न्या आणि त्यावर चालवून मागा. सवलत बघण्याआधी दुरुस्ती कोण आणि कुठे करणार ते विचारा. आमच्या एका सहकाऱ्याने हे विचारलं नव्हतं. ते मशिन अजून कपाटावर आहे.

गर्दी, पायदुखी, तिकीट, प्रवास याबद्दल काय सांगायचं? जुने बूट घाला. शेवटच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरलेली असते, पण मालही ओसरलेला असतो. कार्यशाळेत शिकायचं असेल तर नाव आधी नोंदवा. फोटो काढण्याआधी परवानगी विचारा, आणि दुसऱ्याची मांडणी जशीच्या तशी उतरवून स्पर्धेला पाठवू नका.

तिथून आणलेलं कापड आमच्याकडे देण्यापूर्वी

हाताने रंगवलेले आणि गडद लाल-निळे तुकडे आधी तपासा. पांढरी चिंधी ओली करून कापडावर जोरात घासा. चिंधीला रंग लागला तर तो तुकडा वेगळा धुवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहा. शिलाई झाल्यावर पांढऱ्या ठोकळ्यात उतरलेला लाल रंग आम्हाला काढता येत नाही.