‘शॉशँक’चा खर्च, ‘शॉशँक’चा गल्ला

‘द शॉशँक रिडेम्प्शन’ या हॉलिवूडच्या चित्रपटाचा निर्मितीखर्च अडीच कोटी डॉलर. १९९४ साली अमेरिकेत पहिल्यांदा लागला तेव्हाचा गल्ला सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर. पुढच्या वर्षी ऑस्करच्या हंगामात तो पुन्हा लावला, तेव्हाची भर धरून एकूण २ कोटी ८३ लाख. हे आकडे शेजारी ठेवले की बरेच जण पटकन वजाबाकी करतात आणि म्हणतात, तीस-पस्तीस लाख सुटले की! ही वजाबाकी चुकीची आहे. ती का चुकते हे पाहायला गेलं, तर गंभीर, माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या चित्रपटांचा हॉलिवूडमधला धंदा कसा बदलत गेला, तेही कळतं.

तिकीटबारीवर जमलेला सगळा पैसा निर्मात्याचा नसतो. त्यातला साधारण निम्मा चित्रपटगृहं ठेवून घेतात. उरलेल्यातून वितरक आधी आपलं कमिशन कापतो, मग प्रिंटा (चित्रपटगृहांना पाठवायच्या प्रती) आणि जाहिरातींवर केलेला खर्च वळता करून घेतो. निर्मात्याच्या पदरात पडतं ते त्यानंतरचं. शिवाय ‘निर्मितीखर्च’ म्हणून जो आकडा छापून येतो, त्यात प्रिंटा आणि जाहिराती धरलेल्याच नसतात. चित्रपट पूर्ण तयार होईपर्यंतचा तो खर्च. म्हणून धंद्यातली माणसं ढोबळमानाने असं धरतात की गल्ला खर्चाच्या दुप्पट-अडीचपट झाला, तरच चित्रपटगृहातून पैसे वसूल झाले. ‘शॉशँक’ला त्यासाठी पाच-सहा कोटी लागले असते. २ कोटी ८३ लाखांत तो सरळ तोट्यात होता.

आता खर्चाची बाजू. तिची सुरुवात पाच हजार डॉलरच्या एका चेकपासून होते. स्टीफन किंग यांची मूळ दीर्घकथा १९८२ साली ‘डिफरंट सीझन्स’ या संग्रहात आली. ‘शॉशँक’चे पटकथाकार-दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट यांनी तिचे हक्क पाच हजारांना घेतले. किंग यांनी तो चेक कधी वटवलाच नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांनी तो फ्रेम करून डॅराबाँटना परत पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की कधी जामिनासाठी पैसे लागलेच, तर हे असू दे.

डॅराबाँटनी पटकथा आठ आठवड्यांत लिहिली आणि कॅसल रॉक एंटरटेनमेंटकडे दिली. १९८७ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या संस्थापकांत दिग्दर्शक रॉब रायनर होते. किंग यांच्या त्याच संग्रहातल्या दुसऱ्या कथेवर त्यांनी १९८६ मध्ये ‘स्टँड बाय मी’ केला होता. पटकथा वाचून ते इतके प्रभावित झाले की स्वतः दिग्दर्शन करायचं, टॉम क्रूझ आणि हॅरिसन फोर्ड यांना घ्यायचं, असं ठरवून त्यांनी डॅराबाँटना पंचवीस-तीस लाख डॉलर देऊ केले. डॅराबाँटनी नकार दिला. लेखन आणि दिग्दर्शन मिळून साडेसात लाख आणि निव्वळ नफ्यात काही टक्के, यावर त्यांनी करार केला. तोपर्यंत त्यांनी चित्रपटगृहासाठी एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. हा नकार हिशेबाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. नामांकित ताऱ्यांच्या मानधनाने बजेट नक्कीच फुगलं असतं, पण त्याच नावांवर पहिल्या शुक्रवारी तिकिटंही खपली असती. शेवटी मुख्य भूमिकांत घेतलेले टिम रॉबिन्स आणि मॉर्गन फ्रीमन हे कसलेले नट, पण केवळ त्यांच्या नावावर रांग लागावी अशी त्यांची बाजारातली पत तेव्हा नव्हती.

मग अडीच कोटी गेले कुठे? ज्या चित्रपटात स्फोट नाहीत, पाठलाग नाहीत, त्यात एवढा खर्च कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर आहे काळ आणि दिवस. गोष्ट १९४७ पासून १९६६ पर्यंतची. म्हणजे कपडे, गाड्या, रस्त्यावरच्या पाट्या, तुरुंगातली भांडीसुद्धा त्या त्या वर्षाची हवीत. चित्रीकरण ओहायोतल्या मॅन्सफिल्डच्या जुन्या तुरुंगात झालं. तो १९९० मध्ये बंद पडला होता. बाहेरून इमारत हवी तशी भव्य होती, पण आतल्या कोठड्यांची रचना दृश्यांना सोयीची नव्हती. म्हणून जवळच्या एका रिकाम्या गोदामात दोनशे कोठड्यांची पूर्ण बराक उभारली गेली. १९९३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आठवड्याचे सहा दिवस, रोज पंधरा-अठरा तास काम चाललं. गटाराच्या पाइपातून सरपटत सुटण्याचं जे दृश्य सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यातली घाण चॉकलेट सिरप, लाकडाचा भुसा आणि पाणी मिसळून बनवलेली होती. ते साहित्य स्वस्तच. महाग असतं ते त्या एका दृश्यासाठी प्रकाशयोजना करून थांबलेलं अख्खं युनिट. गंभीर चित्रपटाचा पैसा असा वेळेत जिरतो. पडद्यावर तो दिसत नाही, आणि जाहिरातीत तर दाखवताच येत नाही.

प्रदर्शनाच्या आकड्यांकडे जरा बारकाईने बघायला हवं. २३ सप्टेंबर १९९४ ला चित्रपट फक्त ३३ चित्रपटगृहांत लागला. त्या शनिवार-रविवारअखेर गल्ला ७ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे एका चित्रपटगृहामागे सुमारे बावीस हजार. हे चांगलेच आकडे होते. अशा चित्रपटाला आधी मोजक्या ठिकाणी लावायचं, समीक्षा येऊ द्यायच्या, एकाने दुसऱ्याला सांगू द्यायचं आणि मग संख्या वाढवायची, ही जुनी रीत आहे. १४ ऑक्टोबरला तो ९४४ ठिकाणी गेला आणि त्या तीन दिवसांत जमले साधारण २४ लाख. भागून पाहा, एका चित्रपटगृहामागे जेमतेम अडीच हजार. क्रमांक नववा. तोंडी प्रसिद्धी तयार व्हायला तीन आठवडे पुरले नव्हते.

त्याच शुक्रवारी ‘पल्प फिक्शन’ देशभर लागला. त्याचा खर्च सुमारे ८० लाख डॉलर होता आणि अमेरिकेतच त्याने दहा कोटींचा टप्पा ओलांडला. जुलैपासून चालू असलेला ‘फॉरेस्ट गम्प’ अजून उतरलेला नव्हता. त्यात ‘शॉशँक’ची लांबी १४२ मिनिटं, त्यामुळे दिवसाचे खेळ कमी. तुरुंगाची गोष्ट, महत्त्वाचं एकही स्त्री पात्र नाही, आणि नाव असं की तिकीट मागताना जीभ अडखळावी. लोक त्याचं नाव नीट घेऊच शकत नसत, हे रॉबिन्स आणि फ्रीमन या दोघांनीही पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. कॅसल रॉकच्या लिझ ग्लॉट्झर यांनी पहिल्या रात्रीची एक आठवण सांगितली आहे. डॅराबाँट आणि त्या हॉलिवूडच्या सिनेरामा डोममध्ये गेल्या, तर आत कोणीच नाही. दोघांनी दारात उभं राहून दोन तिकिटं खपवली. चित्रपट आवडला नाही तर कॅसल रॉककडून पैसे परत घ्या, असं सांगून.

पहिल्या तीन दिवसांवरच चित्रपटाचं भवितव्य ठरायची पद्धत मुळात कुठून आली? १९४८ पर्यंत मोठे स्टुडिओ चित्रपट बनवत, वितरित करत, आणि मोक्याची चित्रपटगृहंही त्यांच्याच मालकीची असत. एखादा कौटुंबिक वा सामाजिक चित्रपट कमी चालला, तरी वर्षभराच्या एकत्रित खात्यात तो सामावून जाई. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात ही मक्तेदारी मोडली, स्टुडिओंना चित्रपटगृहं विकावी लागली आणि प्रत्येक चित्रपटाचं खातं वेगळं तपासलं जाऊ लागलं. १९७५ मध्ये ‘जॉज’ दूरचित्रवाणीवरच्या जोरदार जाहिरातींसह एकाच दिवशी चारशेहून जास्त ठिकाणी लागला आणि प्रचंड चालला. मग सगळ्यांनीच ती वाट धरली. तरीही १९७९ मध्ये घटस्फोट आणि मुलाचा ताबा या विषयावरचा ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ हा ८० लाखांत झालेला चित्रपट १० कोटी ६० लाख मिळवून अमेरिकेत त्या वर्षी सर्वाधिक गल्ला जमवणारा ठरला. प्रेक्षकांना गंभीर चित्रपट नको असतो, या म्हणण्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही तो यामुळेच. त्यांच्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, आणि पडद्यावरचा वेळ दर दशकाला महाग होत गेला.

फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘शॉशँक’ला सात ऑस्कर नामांकनं मिळाली. पुन्हा लावल्यावर आणखी सव्वा कोटीच्या घरात पैसे आले. पुरस्कार मात्र एकही मिळाला नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘फॉरेस्ट गम्प’ ठरला. जगभरात ६७ कोटींहून अधिक गल्ला जमवलेल्या त्या चित्रपटाच्या मूळ कादंबरीकाराला निव्वळ नफ्यातले तीन टक्के मिळायचे होते, आणि स्टुडिओच्या हिशेबात तेव्हा निव्वळ नफा उरलेलाच नव्हता. वितरणाचं कमिशन, व्याज, प्रशासकीय खर्च असं सगळं वरून कापलं जातं. करारात ‘निव्वळ’ हा शब्द असला की हातात काय पडेल याचा भरवसा नाही, हे लेखकांना त्या प्रकरणाने चांगलंच कळलं.

‘शॉशँक’च्या खात्यात खरी जमा सुरू झाली ती त्यानंतर. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटचं उत्पन्न चित्रपटगृहांच्या पुढे गेलं होतं. भाड्याने देण्यासाठीची कॅसेट दुकानदाराला चांगल्या चढ्या भावात विकत घ्यावी लागे. चित्रपटगृहांत पडलेल्या या चित्रपटाच्या ३ लाख २० हजार कॅसेटी वॉर्नर कंपनीने १९९५ मध्ये बाजारात पाठवल्या. गल्ल्याकडे पाहिलं तर हे धाडसच होतं. पण ऑस्करमध्ये नाव ऐकलेल्यांनी कॅसेट घरी नेली, पाहिली, शेजाऱ्याला सांगितलं. त्या वर्षी सर्वाधिक भाड्याने गेलेल्या कॅसेटींमध्ये ती होती. ऑक्टोबरमध्ये ज्या तोंडी प्रसिद्धीला वेळ मिळाला नाही, ती व्हिडिओच्या दुकानात मिळाली.

पुढचा टप्पा केबलचा. कॅसल रॉक १९९३ मध्येच टेड टर्नर यांच्या कंपनीने विकत घेतली होती. त्यामुळे टर्नरच्या टीएनटी वाहिनीला हा चित्रपट दाखवणं फारसं खर्चाचं नव्हतं, आणि जून १९९७ पासून तो तिथे वारंवार लागू लागला. अशाच फेरप्रसारणांनी तरलेला एक जुना चित्रपट आहे. १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. तो लागला तेव्हा वितरक आरकेओला सव्वापाच लाख डॉलरचा तोटा झाला. १९७४ मध्ये हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं, वाहिन्यांना तो फुकट मिळू लागला, आणि दर नाताळात दाखवून दाखवून तो घराघरांत पोचला. फरक इतकाच की त्याच्या प्रत्येक प्रसारणाचे पैसे मालकांना मिळाले नाहीत आणि ‘शॉशँक’चे मिळत राहिले. २०१३ या एका वर्षात तो अमेरिकेतल्या १५ केबल वाहिन्यांवर मिळून १५१ तास दाखवला गेला.

यातला वाटा कलाकारांनाही जातो, आणि त्यामागेही एक लढा आहे. जुने चित्रपट दूरचित्रवाणीला विकून स्टुडिओ कमावत होते, नटांना त्यातलं काहीच मिळत नव्हतं. १९६० मध्ये स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेने संप केला. तेव्हा गिल्डचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. त्या तडजोडीत यापुढच्या चित्रपटांसाठी फेरप्रसारणाचं मानधन मान्य झालं. ‘शॉशँक’मध्ये वॉर्डन नॉर्टन झालेले बॉब गंटन यांनी सांगितलं आहे की दहा वर्षांनंतर, २००४ मध्येही, त्यांना या एका चित्रपटातून वर्षाला लाखाच्या वर डॉलर मिळत होते, आणि २०१४ मध्येही ते उत्पन्न लक्षणीय होतं.

२०१४ मध्येच ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने या चित्रपटाच्या कमाईचा माग काढला. चित्रपटगृह, व्हिडिओ आणि दूरचित्रवाणी मिळून तो दहा कोटी डॉलरच्या आसपास गेला असावा, असा अंदाज त्यात होता. २००८ पासून आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळाच्या प्रेक्षकमतांच्या यादीत तो पहिला आहे.

डीव्हीडीची विक्री २००० च्या दशकाच्या मध्यापासून घसरत गेली, भाड्याची दुकानं बंद झाली. आता गंभीर चित्रपट बहुधा ठरावीक रकमेला स्ट्रीमिंग कंपनीकडे जातो. निर्मात्याला खर्च आणि वर थोडा नफा एकदम मिळतो. जोखीम कमी, पण कितीही जणांनी कितीही वेळा पाहिला तरी रक्कम तीच राहते. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत हा मुद्दा अगदी वर होता. गाजलेल्या मालिका-चित्रपटांसाठी जादा रक्कम त्यांनी मिळवली. पण १९९५ साली एखाद्या दुकानदाराने फळीवर ठेवलेली ती महागडी कॅसेट वर्षभर हातोहात फिरत राहायची, आणि तिच्या मागणीवर पुढच्या कॅसेटी विकल्या जायच्या, तशी सोय या रकमेत नाही.