झिजलेल्या देहाचा हिशेब

कष्ट उपसणाऱ्या माणसाबद्दल आपण कौतुकानं म्हणतो, ‘चंदनासारखा झिजला.’ त्या झिजण्यात देहाचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ते विचारलं आणि मोजलंही.

१९७८ साली शर्मन जेम्स हे साथरोगतज्ज्ञ नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याला भेटले. नाव जॉन हेन्री मार्टिन, जन्म १९०७ चा. जमीन दुसऱ्याची, आपण वाट्यानं कसायची आणि कर्ज फिटता फिटायचं नाही, अशा व्यवस्थेत ते वाढले. तरी रात्रंदिवस राबून चाळिशीपर्यंत त्यांनी स्वतःची ७५ एकर जमीन केली. पन्नाशीत रक्तदाब आणि संधिवात मागे लागला. पोटातला व्रण इतका बळावला, की जठराचा ४० टक्के भाग काढावा लागला.

जॉन हेन्री हे लोककथेतलंही नाव. बोगदा खोदताना तो वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि हातात घण असतानाच कोसळतो. हाडाची काडं करून परिस्थितीला भिडण्याच्या या वृत्तीला जेम्स यांनी ‘जॉन हेन्रीइझम’ म्हटलं. त्यांच्या १९८३ च्या अभ्यासात असं दिसलं, की जिद्द तेवढीच पण शिक्षण कमी असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा खालचा रक्तदाब जास्त होता.

असं का व्हावं? ताण आला की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं, हृदय जोरात चालतं. संकट टळलं की सगळं पूर्ववत होतं. संकट रोजचंच असेल तर पूर्ववत व्हायला उसंतच मिळत नाही. रक्तवाहिन्या, साखर, चरबी, सगळ्यांवर बोजा साठत जातो. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये त्याला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं.

आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेनं २००६ मध्ये हाच बोजा १० निर्देशकांवर तपासला. तो सर्वांत जास्त आढळला कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये: आधी गरीब, आणि त्यांच्या खालोखाल गरीब नसलेल्या. गरीब गोऱ्या बायकांमध्येही तो त्यांच्यापेक्षा कमी होता. मला हा निष्कर्ष सर्वांत अस्वस्थ करतो. बऱ्या परिस्थितीत पोचल्यावरही ही झीज थांबत नाही.

ती कशी होते, ते बॅले या पाश्चात्त्य नृत्यप्रकाराच्या मेकअप खोलीत दिसतं. चवड्यावर उभं राहण्याचे बूट पिढ्यान्पिढ्या फिक्या गुलाबी सॅटिनचे. हेतू असा, की पायाची रेषा टोकापर्यंत अखंड दिसावी. ती अखंड दिसते, पण गोऱ्या पायावर. म्हणून कृष्णवर्णीय नर्तिका स्पंज घेऊन बसते, आपल्या रंगाचं फाउंडेशन सॅटिनला फासते, मग फितींना, मग शिवणीतल्या खाचांमध्ये. ते वाळेपर्यंत थांबायचं. बूट लवकर मोडतात. नवा जोड आला की पुन्हा पहिल्यापासून. हे काम कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

‘बर्नआउट’, म्हणजे कामानं पार थकून जाणं, हा शब्द हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मानसशास्त्रात आणला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. क्रिस्टिना मास्लॅक आणि मायकेल लायटर यांनी त्यामागच्या कारणांची सहा क्षेत्रं सांगितली आहेत. कामाचा भार हे त्यातलं फक्त एक. न्याय्य वागणूक हे दुसरं. आपण मात्र थकलेल्या माणसाला ‘सुट्टी घे, ध्यान कर’ एवढंच सांगतो. रजेवरून परतल्यावर तोच गुलाबी जोड समोर असेल, तर सुट्टीनं काय साधणार?

२०१८ मध्ये लंडनच्या ‘फ्रीड’ या बूट बनवणाऱ्या कंपनीनं ‘बॅले ब्लॅक’ या नृत्यसंस्थेच्या साथीनं तपकिरी आणि ब्राँझ रंगांतले बूट बाजारात आणले. त्या रंगाच्या नर्तिकेला खोक्यातून जोड काढायचा, फिती शिवायच्या आणि सरावाला जायचं, एवढंच उरलं.