तीन सेकंदांचा डाव

माझी लेक शनिवारी सकाळी ज्या संघातून क्रिकेट खेळते, त्याच्या टी-शर्टच्या पाठीवर आमच्या भागातल्या क्लबचं चिन्ह आहे. सिडनीच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. क्लब म्हणजे स्वस्त जेवण, वाढदिवसाला हॉल, मुलांच्या खेळाला देणगी. जेवणाच्या हॉलकडे जाताना डावीकडे एक दार लागतं. अठराच्या खालच्यांना तिथे मनाई. दार उघडलं की घंटांचा आवाज बाहेर येतो.

मागच्या महिन्यात त्या दारातून आत डोकावलो. साठीच्या एक बाई जुगाराच्या यंत्रासमोर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, शेजारी कॉफीवर साय धरलेली, बोट बटणावर. पडद्यावर दिवे उजळले, घंटा वाजल्या. बाईंनी मानही हलवली नाही, बोट पुन्हा खाली गेलं. मी उभा होतो तेवढ्या वेळात दोन्ही गोष्टी पाच-सहा वेळा झाल्या, घंटाही आणि ते बोटही.

इथे या यंत्रांना 'पोकीज' म्हणतात. आमच्या न्यू साउथ वेल्स राज्याने 1956 मध्ये ती क्लबांमध्ये कायदेशीर केली, 1997 मध्ये पबनाही परवानगी मिळाली. आज या एका राज्यात जवळपास 90,000 यंत्रं आहेत. जुगारात माणशी पैसे हरण्यात ऑस्ट्रेलिया जगात सर्वांत वर आहे आणि त्या हारीतला निम्म्याच्या आसपास वाटा पोकीजचा आहे.

यंत्राचं गणित अवघड नाही. कायद्याने यंत्राने लावलेल्या पैशाचा ठरावीक हिस्सा परत द्यावाच लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये तो किमान 85 टक्के आहे, प्रत्यक्षात साधारण 90 धरू. ऐकायला हे बरं वाटतं, शंभरातले दहाच गेले. पण हे दहा टक्के खिशातल्या पैशावर कापले जात नाहीत, प्रत्येक डावावर कापले जातात आणि डाव तीन सेकंदांत संपतो. तासाला 1200 डाव. डावाला एक डॉलर लावला तर तासाला 1200 डॉलर लावले जातात आणि सरासरी 120 जातात. डावाला 10 डॉलर लावले, आणि इथे तेवढे लावता येतात, तर तासाला सरासरी 1200 डॉलर जातात.

मुंबईच्या मटक्याशी तुलना करून बघा. ओपन आणि क्लोज असे दिवसाचे दोन आकडे. मधल्या वेळात माणूस घरी जायचा, कामाला लागायचा, बायकोचं बोलणं खायचा. मटक्याने घरं बुडवली नाहीत असं मी म्हणत नाही. पण दोन आकड्यांच्या मध्ये विचार करायला काही तास मिळायचे, इथे तीन सेकंद मिळतात.

आता मेंदूकडे येऊ. वोल्फ्रम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या हालचालीची नोंद घेतली. रसाचा थेंब अचानक मिळाला की त्या पेशी उसळतात. थेंब मिळणारच हे कळलेलं असेल तर थेंब आल्यावर त्या शांतच राहतात, आणि ठरलेला थेंब आला नाही तर नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे डोपामिन मजेचं माप नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक ते मोजतं. शुल्त्झ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. खूण दिसल्यापासून बक्षिसाची वेळ येईपर्यंत या पेशींची हालचाल चढत जाते, आणि बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा ती सर्वांत जास्त चढते. अनिश्चितता स्वतःच मेंदूला धरून ठेवते, आणि पोकी दर तीन सेकंदांनी ती नव्याने वाढून देते.

याचा पुरावा दवाखान्यातही सापडतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी औषधं दिली जातात. जन्मात कधी जुगार न खेळलेल्यांपैकी काहींना या औषधांवर जुगाराचा अनावर नाद लागतो, आणि औषध कमी केलं किंवा बंद केलं की तो बहुतेकदा ओसरतो. जुगाऱ्याला 'मनाचा कच्चा' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी या रुग्णांकडे जरूर बघावं.

त्या बाईंसमोर वाजणाऱ्या घंटांचं रहस्यही प्रयोगशाळेत उलगडलं आहे. यंत्राच्या पडद्यावर चिन्हांची चाकं, म्हणजे रील, फिरतात आणि एका ओळीत ठरावीक चिन्हं जुळली की पैसे मिळतात. आजच्या यंत्रात एकाच वेळी अशा अनेक ओळींवर पैसे लावता येतात. समजा वीस ओळींवर पाच-पाच सेंट, म्हणजे एक डॉलर लावला. एका ओळीवर 30 सेंट मिळाले की घंटा वाजते, चित्रं नाचतात. खरं तर 70 सेंट गेलेले असतात. ही जिंकल्याचा मुखवटा घातलेली हार. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात माईक डिक्सन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये खेळणाऱ्यांच्या त्वचेवरच्या घामातला बदल मोजला. अशा हारीला शरीर खऱ्या जिंकण्यासारखाच प्रतिसाद देत होतं. पाकीट रिकामं होत असताना शरीर जिंकल्याची नोंद करत होतं.

दुसरी युक्ती 'थोडक्यात हुकलं' ही. ल्यूक क्लार्क यांच्या केंब्रिजमधल्या गटाने 2009 मध्ये स्कॅनरमध्ये लोकांना असा खेळ खेळायला दिला. चिन्ह एका घराने हुकलं की लोकांना ते साध्या हारण्यापेक्षा जास्त बोचत होतं, तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढत होती. मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे भागही तेव्हा जागे होत होते. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटची कड घेता घेता राहिला तर गोलंदाजाला त्यातून काही शिकता येतं. रीलवर एका घराने हुकण्यात शिकण्यासारखं काहीच नसतं. मेंदू मात्र ते कौशल्यासारखंच धरतो. शेवटच्या रीलवर जास्त घरं ठेवून चिन्ह विरळ करण्याच्या रचनेविरुद्ध इथे खटलाही झाला. 'डॉल्फिन ट्रेझर' नावाचं यंत्र खेळणाऱ्यांची दिशाभूल करतं असा दावा होता. फेडरल न्यायालयाने 2018 मध्ये तो फेटाळला. अशी रचना कायदेशीर आहे, आणि मला नेमकं तेच अस्वस्थ करतं.

मग टी-शर्टवरच्या चिन्हाचं काय? क्लब हे सभासदांचे, नफा वाटून न घेणारे. यंत्रांच्या उत्पन्नावर पबपेक्षा कमी कर भरतात. यंत्रांतून 10 लाख डॉलरच्या वर मिळवणाऱ्या क्लबांनी समाजकार्याला पैसे दिले तर त्या वरच्या रकमेच्या 1.85 टक्क्यांपर्यंत करात सूटही मिळते. ज्या देणगीसाठी आपण टाळ्या वाजवतो, तिचा मोठा भाग एरवी सरकारी तिजोरीत गेलाच असता.

पण त्या पैशाचा उगम करापेक्षा जास्त बोचणारा आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने 2010 मध्ये अंदाज दिला की यंत्रांवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी सुमारे 40 टक्के पैसे जुगाराने ज्यांचं आयुष्य विस्कटलं आहे अशा मूठभर माणसांचे असतात. या एका आकड्यात सगळी अडचण आहे. एखादी सुधारणा खरंच लागू पडली तर याच माणसांची हार कमी होणार, म्हणजे उत्पन्नाला मोठं भगदाड पडणार. 'खेळाचं नुकसान न करता सुधारणा करू' असं कुणी म्हणालं की मला या 40 टक्क्यांची आठवण होते. ज्या सुधारणेने क्लबच्या गल्ल्याला धक्का लागत नाही, तिने त्या बाईंनाही काही फायदा होत नाही.

आयोगाने दोन ठोस उपाय सुचवले होते. डावाला जास्तीत जास्त एक डॉलर, आणि किती हरायचं याची मर्यादा प्रत्येकाने खेळण्याआधीच ठरवायची. दोन्ही मेंदूच्या दृष्टीने नेमके आहेत, कारण निर्णय त्या तीन सेकंदांच्या बाहेर, शांत डोक्याने घेतला जातो. त्याच वर्षी ज्युलिया गिलार्ड यांचं अल्पमतातलं सरकार होबार्टचे अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांच्या पाठिंब्यावर आलं, आणि मर्यादेची सक्ती ही त्यांची अट होती. क्लबांनी देशभर मोहीम उघडली. रग्बी लीगच्या सामन्याच्या थेट प्रक्षेपणात समालोचकही सुधारणेविरुद्ध बोलले. जानेवारी 2012 मध्ये सरकारने माघार घेतली आणि विल्कींनी पाठिंबा काढला. पुढे एक पातळ कायदा झाला, त्यातलाही बहुतेक भाग 2014 मध्ये रद्द झाला. लेकरांच्या मैदानांचं नाव पुढे करून ही लढाई जिंकली गेली, याचं मला वाईट वाटतं.

पैसा गेला तर खेळ मरेल का? वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पबमध्ये किंवा क्लबमध्ये एकही पोकी नाही. यंत्रं आहेत ती पर्थच्या एकमेव कॅसिनोत. तिथल्या वेस्ट कोस्ट संघाने ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद चार वेळा जिंकलं आहे, 1992, 1994, 2006 आणि 2018 मध्ये. नॉर्वेचं उदाहरण मला आणखी मोलाचं वाटतं. तिथेही यंत्रांच्या पैशावर सामाजिक संस्था चालत. 2006 मध्ये यंत्रांत नोटा घालायला बंदी आली आणि 1 जुलै 2007 ला यंत्रंच उचलली गेली. नंतर सरकारी कंपनीने नवी, संथ यंत्रं आणली. ओळखपत्राशिवाय खेळता येत नाही, हरण्याला मर्यादा आहे, आणि तासाभराने सक्तीची विश्रांती. खेळाला आजही त्या सरकारी कंपनीच्या नफ्यातून वाटा मिळतो. म्हणजे नॉर्वेचा खेळ जुगाराच्या पैशातून पूर्ण सुटला नाही, पण सगळ्यात घातक यंत्राच्या विळख्यातून सुटला.

भारतातल्या वाचकांना हे फार दूरचं वाटू नये. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर 2023 पासून ड्रीम11 चं नाव होतं. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ते नाव उतरलं. सप्टेंबरचा आशिया चषक संघ मुख्य प्रायोजकाशिवाय खेळला, आणि जिंकला.

व्हिक्टोरिया राज्याने 2023 मध्ये नव्या यंत्रांचा डाव किमान तीन सेकंदांचा करण्याचं, पहाटे चार ते दहा यंत्रं बंद ठेवण्याचं आणि यंत्रात एका वेळी भरायची रक्कम 1000 वरून 100 डॉलरवर आणण्याचं जाहीर केलं. न्यू साउथ वेल्समध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री डॉमिनिक पेरोटे यंत्रांवर रोख रक्कमच बंद करण्याचं आश्वासन देऊन 2023 च्या निवडणुकीला उतरले आणि हरले.

आमच्या क्लबची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. मी सभासद आहे. या राज्यातलं प्रत्येक यंत्र केंद्रीय देखरेख यंत्रणेला जोडलेलं असतं, त्यामुळे हिशोब नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. मी एकच आकडा मागणार आहे, यंत्रांच्या उत्पन्नातलं किती रात्री बारानंतर येतं.