फ्रेडरिकच्या दोन इसाबेला आणि जेरुसलेमचा सातबारा

तेराव्या शतकातला पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या वंशावळीचे तक्ते इंटरनेटवर फिरत असतात. त्यांत इसाबेला नावाच्या दोन बायका असतात आणि बहुतेक वेळा एक इसाबेला दुसरीचा संसार करताना दिसते. एकीचा मुलगा दुसरीच्या पदरात, एकीचं राज्य दुसरीच्या माहेरी. मग कुणीतरी खाली लिहितं, "इंग्लंडशी सोयरीक करून फ्रेडरिकने जेरुसलेम मिळवलं." तसं काही घडलेलं नाही, आणि हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचून आता कंटाळा आला आहे.

आधी बाकीच्या दोघी उरकून घेऊ. पहिली बायको अरागॉनची कॉन्स्टन्स, हंगेरीच्या राजाची विधवा. लग्न 1209 मध्ये, मृत्यू 1222 मध्ये, मुलगा हाइनरिश. फ्रेडरिकच्या आईचं नावही कॉन्स्टन्सच, पण आई आणि बायको यांत घोळ घालणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही. शेवटची बियांका लान्चिया. तिच्याशी लग्न झालं होतं की नाही यावर तेव्हाही वाद होता. मानफ्रेड तिचा मुलगा, दोन्हींपैकी कुठल्याही इसाबेलाचा नव्हे.

इंग्लंडची इसाबेला आपल्याला ओळखीची आहे. मॅग्ना कार्टावर ज्याला शिक्कामोर्तब करावं लागलं त्या जॉन राजाची ही मुलगी, तिसऱ्या हेन्रीची बहीण. लग्न जुलै 1235 मध्ये वोर्म्सला झालं. त्याच महिन्यात, त्याच गावात, बंड करणारा थोरला मुलगा हाइनरिश बापापुढे शरण आला होता. हुंडा 30,000 मार्क चांदी, आणि ती गोळा करताना हेन्रीच्या नाकी नऊ आले. तिने सोबत आणला तो पैसा आणि भावाची मैत्री. राज्य आणलं नाही, कारण तिच्याजवळ ते नव्हतंच. ती सम्राज्ञी झाली ती सम्राटाची बायको म्हणून.

दुसरीचं सगळं याच्या उलट. तिला काही ठिकाणी योलांद म्हणतात, काही ठिकाणी इसाबेला. मी योलांदच म्हणणार, आणि तक्ते काढणाऱ्यांनीही तेच करावं, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. तिची आजी इसाबेला जेरुसलेमची, म्हणजे क्रुसेडच्या धर्मयुद्धांतून उभ्या राहिलेल्या ख्रिश्चन राज्याची राणी, आई मारिया जेरुसलेमची राणी. 1212 मध्ये योलांदला जन्म देऊन आई वारली आणि राज्य तान्ह्या मुलीकडे आलं. खुद्द जेरुसलेम शहर 1187 पासून अय्युबी या मुस्लिम घराण्याच्या ताब्यात होतं. राज्याचा कारभार किनाऱ्यावरच्या आक्रा शहरातून चालायचा. पण गादी होती, दरबार होता, आणि हक्काबद्दल तिथले सरदार कमालीचे काटेकोर होते.

आता खरी मेख. हा सातबारा बायकोच्या नावावरचा होता. नवरा जमीन कसेल, पीक घेईल, गावात मालक म्हणून मिरवेल, पण कागदावर नाव तिचं. तिच्यामागे नाव चढतं ते मुलाचं, आणि मूल लहान असलं तर बापाचं नाव लागतं ते 'अज्ञान पालनकर्ता' म्हणून. बाप मालक होत नाही. सगळा घोळ होतो तो इथेच, बाकीच्या चुका किरकोळ आहेत.

हा नियम पहिल्यांदा लागला तो योलांदच्या बापाला. ब्रिएनचा जॉन हा फ्रान्समधला एक साधा सरदार. 1210 मध्ये मारियाशी लग्न केलं म्हणून तो राजा झाला. मारिया गेल्यावर तो मुलीच्या वतीने कारभार पाहत होता, तरी स्वतःला राजाच म्हणवत होता. मरेपर्यंत आपणच राजा राहू असं त्याने गृहीत धरलं होतं. मग नोव्हेंबर 1225 मध्ये ब्रिंडिसीला तेरा वर्षांच्या योलांदचं फ्रेडरिकशी लग्न लागलं आणि जावयाने लगेच सासऱ्याला सांगितलं: मुलीला नवरा आहे, तुमचा कारभार संपला. कायद्याने फ्रेडरिकचं म्हणणं बरोबर होतं, वागणं मात्र घाणेरडं. जॉनने ते विसरलं नाही. 1229 मध्ये पोपचं सैन्य फ्रेडरिकच्या राज्यात घुसलं तेव्हा ते चालवणाऱ्यांत हा सासरा होता.

पण जो नियम दाखवून सासऱ्याला बाजूला केलं, तोच नियम तीन वर्षांत जावयावर उलटला. 1228 च्या वसंतात आंद्रियाला योलांदने कॉनराडला जन्म दिला आणि काही दिवसांतच ती गेली. वय पंधरा. त्या क्षणी जेरुसलेमचा राजा कोण? पाळण्यातला कॉनराड. फ्रेडरिक आता नेमका तिथे होता जिथे पूर्वी जॉन होता.

आणि तो क्रुसेडला निघाला तो यानंतर, जून 1228 मध्ये. तारखांचा हा क्रम कुणी बघतच नाही. फेब्रुवारी 1229 मध्ये इजिप्तचा अय्युबी सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून, न लढता, त्याने जेरुसलेम शहर मिळवलं. 18 मार्चला पवित्र कबरीच्या चर्चमध्ये वेदीवरचा मुकुट उचलून स्वतःच डोक्यावर ठेवला. पोपने त्याला बहिष्कृत केलेलं होतं, जेरुसलेमचा मुख्य धर्मगुरू, पॅट्रिआर्क, तिकडे फिरकला नाही. याला सरसकट 'राज्याभिषेक' म्हणतात ते मला खटकतं. त्याने मुकुट घातला, एवढंच. तिथल्या सरदारांच्या लेखी तो मुलाचा पालनकर्ता होता आणि तेवढ्यापुरताच त्याचा शब्द चालायचा. पुढे कॉनराड 15 वर्षांचा झाल्याचं धरून आक्राच्या दरबाराने फ्रेडरिकचा कारभार संपल्याचं जाहीर केलं. राजा स्वतः हजर नाही म्हणून सूत्रं दिली सायप्रसच्या अ‍ॅलिसला, योलांदच्या सावत्र मावशीला. बाप राजा असता तर हे करता आलं असतं का?

चुकणाऱ्यांची बाजूही थोडी सांगायला हवी, कारण फ्रेडरिकनेच पुरावे पेरून ठेवले आहेत. मरेपर्यंत त्याच्या पत्रांवर 'जेरुसलेम आणि सिसिलीचा राजा' ही बिरुदं झळकत राहिली. आणि 1250 च्या मृत्युपत्रात त्याने इंग्लिश इसाबेलाच्या मुलाला, मामाचं नाव लावलेल्या हेन्रीला, आर्ल (आजच्या फ्रान्सच्या आग्नेयेला) किंवा जेरुसलेम यांपैकी एक राज्य द्यावं असं लिहिलं. झालं! लोकांना इंग्लंड ते जेरुसलेम सरळ रस्ता दिसायला लागतो. पण तेच वाक्य पुढे वाचा: दोन्हींपैकी कुठलं द्यायचं ते कॉनराडने ठरवावं. कारण जेरुसलेम कॉनराडचं होतं. हेन्री तसाही 1253 मध्ये वारला.

दोघींचा शेवट सारखा झाला हेही गोंधळाला कारण. इंग्लिश इसाबेलासुद्धा बाळंतपणातच गेली, डिसेंबर 1241 मध्ये फोज्जाला, आणि दोघींचं दफन आंद्रियाच्याच कॅथेड्रलमध्ये झालं. फ्रेडरिकने लग्नाच्या रात्री योलांदच्या चुलत बहिणीला नादी लावलं वगैरे चविष्ट कथा मी मुद्दाम सोडतो. त्या शत्रुपक्षाच्या लेखणीतून आल्या आहेत आणि हक्काच्या प्रश्नात त्यांचा उपयोग शून्य.

या हक्काची कसोटी लागली ती 1268 मध्ये. कॉनराड 1254 मध्येच वारला होता. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा कोनराडिन याचा सिसिलीचं राज्य बळकावलेल्या अंजूच्या शार्लने नेपल्सला शिरच्छेद केला आणि योलांदचा वंश तिथे संपला. इंग्लिश इसाबेलाचा मात्र चालू होता. तिची मुलगी मार्गारेट जर्मनीतल्या थुरिंजियात दिलेली, आणि तिचा मुलगा फ्रीडरिश तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढचं सगळं वेटिन हे जर्मन राजघराणं याच फ्रीडरिशचं, आणि व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट त्याच शाखेतला. या पोराच्या नावापुढे 'जेरुसलेमचा राजा' लागलंसुद्धा, म्हणजे हा घोळ साडेसातशे वर्षं जुना आहे. आक्राच्या दरबाराने त्याचा विचारही केला नाही. त्यांनी योलांदच्या आजीपासून खाली मोजायला घेतलं. अ‍ॅलिसचा नातू, सायप्रसचा राजा ह्यू तिसरा, आणि अँटिऑकची मारिया असे दोन दावेदार समोर आले. गादी ह्यूला मिळाली. मारियाने हट्ट सोडला नाही, आणि 1277 मध्ये आपला दावा रोख पैशांत विकून टाकला. घेणारा होता अंजूचा शार्ल.