नॉटपेट्या

नॉटपेट्या : २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून जगभर पसरलेला संगणकीय विषाणू. वरून पाहता हे रॅन्समवेअर, म्हणजे संगणकातील माहितीला कुलूप लावून खंडणी मागणारा विषाणू. पडद्यावर लाल अक्षरांत ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, अशी सूचना येई. पण खंडणी हा नुसता देखावा होता. कुलूप उघडण्यासाठी लागणारा पडद्यावरचा ओळख-क्रमांक म्हणजे कशीही जुळवलेली अक्षरे होती, त्यामुळे पैसे भरले तरी कुलूप उघडण्याची सोय हल्लेखोरांकडेही नव्हती. २०१६ च्या ‘पेट्या’ या रॅन्समवेअरशी साम्य असूनही तो हा नव्हे, म्हणून हे नाव.

विषाणू शिरला तो एम.ई.डॉक या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. आपल्याकडच्या कचेऱ्यांत टॅली असते, तसे हे युक्रेनमध्ये. त्याच्या सर्व्हरवर हल्लेखोरांनी आधीच ताबा मिळवलेला असल्याने नेहमीच्या अपडेटसोबत विषाणूही उतरला. पुढे तो इटर्नलब्लू या, विंडोजमधल्या त्रुटीतून आत शिरणाऱ्या हत्याराने पसरला. हे हत्यार मुळात अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचे, एप्रिल २०१७ मध्ये बाहेर फुटलेले. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. मात्र एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून विषाणू दुरुस्त केलेल्या यंत्रांतही घुसे.

डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे युक्रेनच्या भांडणाशी काही देणेघेणे नव्हते. तरी तिला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या सगळ्या नेटवर्कची ओळखयादी सांभाळणारे सर्व्हर जगभर पुसले गेले; वाचला फक्त घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! (वीज जाण्याचा असा फायदा क्वचितच कोणाला झाला असेल.) घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून ती हार्ड डिस्क नायजेरियात दुसऱ्याच्या हाती देऊन तिथून लंडनला नेली. न्हावा शेवा येथे जेएनपीटीमधल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलवर कोणता कंटेनर कोणाचा, हेच कळेना. काम हाताने करावे लागले. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. अमेरिकी सरकारच्या अंदाजाने जगाचे एकूण नुकसान सुमारे १,००० कोटी डॉलर.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटनने रशियन लष्कराला जबाबदार धरले. रशियाने आरोप फेटाळला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने जीआरयू या रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले, त्यात हाही हल्ला आहे.

यातला सर्वांत बोचरा वाद मात्र विम्याचा. हल्ला एका राष्ट्राचा म्हणजे युद्धकृत्य, आणि युद्धाची भरपाई पॉलिसीत बसत नाही, असा पवित्रा विमा कंपन्यांनी घेतला. मर्क या औषध कंपनीचा दावा १४० कोटी डॉलरचा होता. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये मर्कच्या बाजूने कौल दिला : असले कलम खऱ्या लष्करी कारवाईपुरतेच. जानेवारी २०२४ मध्ये उरलेल्या विमा कंपन्यांनी मर्कशी तडजोड केली. दरम्यान लंडनच्या लॉइड्स विमाबाजाराने, सायबर पॉलिसींत सरकारपुरस्कृत हल्ले वगळणारे कलम घालणे २०२३ पासून सक्तीचे केले होते.