जुन्या मोटर यॉटचं आतलं लाकडी पॅनेलिंग बदलणं

मोटर यॉटच्या केबिनला आतून जे लाकडी तक्ते लावलेले असतात ते फुगले, काळे पडले किंवा कुजले की काढून तिथे नवीन बसवायचं काम. ऐकायला सुतारकाम वाटतं आणि शेवटी ते असतंही, पण त्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं आणि नेमकं तेच लोक टाळतात.

हे काम जास्त करून निघतं ते १९७० आणि ८० च्या दशकात तैवान, हाँगकाँग, सिंगापूरला बांधलेल्या ट्रॉलर टाइपच्या (मासेमारीच्या ट्रॉलरसारख्या घाटाच्या) बोटींवर. ग्रँड बँक्स हे त्यातलं ओळखीचं नाव, अमेरिकन मरीन कंपनीने हाँगकाँगला सुरू केलेल्या या बोटी आधी अख्ख्या लाकडाच्या असायच्या, १९७३ पासून हल (बोटीचा बाहेरचा सांगाडा) फायबरग्लासचा झाला पण आतलं सागवान काही गेलं नाही. सागवान म्हणायचं आपलं, त्या काळच्या बऱ्याच बोटींत ते सागाचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं प्लायवुड असतं आणि ते विनियर एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतं, त्यामुळे एकदा पाणी शिरलं की पापुद्रे सुटायला लागतात.

पहिला संशय खिडकीवर घ्यायचा. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत पावसाचं पाणी साठतं, ते बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती कचऱ्याने तुंबली की पाणी आत उतरतं. त्यानंतर डेक, फायबरग्लासवर सागाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी ठोकलेल्या आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे एक संभाव्य गळती. पाणी शिरतं एकीकडे आणि डाग दिसतो भलतीकडेच. गंमत म्हणजे लाकडाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त नडतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असला तर ही बुरशी वाढत नाही, म्हणून मॉइश्चर मीटर लावून बघतात आणि गळती बंद करून सगळं वाळेपर्यंत नवीन प्लाय आणतच नाहीत (आणत नाहीत म्हणजे, आणू नये).

काढताना स्क्रूच्या डोक्यावर बसवलेली लाकडी बुचं आधी काढावी लागतात, बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक स्क्रू पिळला की तो खाली टेकतो आणि बूच आपोआप वर येतं. जुनं पॅनल कितीही सडलेलं असलं तरी फेकायचं नाही, तोच साचा. मागे वायरी आणि पाइप असतात, त्यांचे फोटो काढून ठेवायचे आणि वायरी जुनाट झाल्या असतील तर याच वेळी बदलायच्या.

साचा मिळाला नाही तर खरी परीक्षा. बोटीत काटकोन सापडत नाही, आणि बोट पाण्यात असेल तर लेव्हलची बाटली काहीच कामाची नाही कारण बोटच हलत असते. मग पातळ प्लायच्या पट्ट्या हॉट ग्लूने जोडत जोडत त्या जागेचा आकार उतरवतात आणि वाकड्या कडेची रेघ कंपासने मारून घेतात.

प्लाय मरीनच (पाण्यात टिकणारा) हवा, ब्रिटिश मानक बीएस १०८८ किंवा आपल्याकडचं आयएस ७१०, हो, आपण किचनमधे लावतो तोच दर्जा. जाडी बहुतेक ठिकाणी ६ मिमी. पाणी कडेतून शिरतं म्हणून सगळ्या कडा आणि मागची बाजू इपॉक्सीने बंद करतात. सागात तेल असतं, चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसलं नाही तर सांधा सुटतो. सागाचा भुसाही नाका-डोळ्यांना त्रास देतो, मास्क लावा.

सगळ्यात डोकेदुखी रंगाची. चाळीस वर्षं ऊन खाल्लेल्या सागाशेजारी नवं पॅनल ठिगळासारखं दिसतं आणि स्टेन मारून ते पूर्ण जुळत नाही, त्यापेक्षा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत बदललेली बरी. दुसरा उपाय म्हणजे पॅनल पांढरे रंगवून फक्त बीडिंग (कडेच्या लाकडी पट्ट्या) व्हार्निशचं ठेवायचं, अमेरिकन बोट डिझायनर नॅथनिएल हेरेशॉफ (१८४८–१९३८) यांच्या नावाने ही पद्धत ओळखतात. अंधारी केबिन एकदम मोकळी वाटते, सागवानप्रेमी मात्र नाक मुरडतात.

बसवताना मागे हवा खेळायला फट ठेवतात. खिडकीखालचं पॅनल तर नुसतं स्क्रूवर ठेवायचं, गोंद लावायचा नाही, ते परत उघडावं लागणारच.