जुन्या डेस्कटॉप संगणकाचे पुनरुज्जीवन

जुन्या डेस्कटॉप संगणकाचे पुनरुज्जीवन : वापरातून बाद झालेला टेबलावरचा संगणक शक्यतो त्याच्या मूळ भागांसह पुन्हा चालू करण्याची प्रक्रिया. नेहमीच्या दुरुस्तीत बिघडलेला भाग काढून मिळेल तो भाग बसवतात. पुनरुज्जीवनात मूळ मदरबोर्ड, मूळ एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) आणि जमल्यास डिस्कवरचा मूळ मजकूरही राखायचा असतो. ‘जुना’ कोणाला म्हणावे याबद्दल संग्राहकांत एकमत नाही. काही जण १९८१ चा आयबीएम पीसी (८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्‌झ) आणि त्याच्या बरोबरीची यंत्रे यांनाच हा मान देतात, तर काही पेंटियम ३ पर्यंत खाली येतात. या नोंदीत ३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांच्या पिढीचे, एटी पद्धतीचे (आयबीएमच्या १९८४ च्या ‘एटी’ संगणकाच्या नमुन्याचे) संच मध्यवर्ती धरले आहेत. पुनरुज्जीवनाचे बहुतेक प्रश्न त्यांच्यातच एकत्र भेटतात.

पार्श्वभूमी : आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून अंग काढून घेतल्यावर देशी उत्पादकांना वाव मिळाला. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी झाली आणि एचसीएल, विप्रो, झेनिथ आदींचे पीसी-सुसंगत संच कचेऱ्यांत व महाविद्यालयांत दिसू लागले. १९९१ नंतर तैवानी बोर्डांवर जुळवलेल्या ‘असेंबल्ड’ संचांची भर पडली. अशा संचाचे खोके एकाचे, बोर्ड दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची. त्याची ‘मूळ स्थिती’ ठरवायची ती बिलावरून आणि बिल सहसा नसतेच. नागपुरात जुने संच प्रामुख्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळा, सरकारी कचेऱ्या व छापखाने यांच्या निर्लेखनातून बाहेर येतात. लिलाव, कबाडी आणि मग सीताबर्डीतला एखादा दुरुस्तीवाला अशी त्यांची वाट असे. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले तेव्हापासून संस्थांनी बाद संच अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच देणे अपेक्षित आहे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असले, तरी संग्राहकाच्या हाती काही पडण्याची शक्यता त्यामुळे कमी झाली आहे.

पहिली तपासणी : संच घरी आणताच स्विच दाबून पाहण्याचा मोह आवरणे हा पहिला नियम. एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा सरकता खटका असतो. तो ११५ वर राहिला आणि २३० व्होल्टचा पुरवठा जोडला, तर आतील व्होल्टेज दुप्पट करणारे मंडल सुमारे ६५० व्होल्टपर्यंत जाऊ पाहते आणि २०० व्होल्टचे दोन मुख्य कॅपॅसिटर (वीज साठवणारे घटक) फुटतात. एटी संचात समोरच्या स्विचपर्यंत थेट २३० व्होल्टच्या तारा आलेल्या असतात, हेही विसरून चालत नाही. जुने मेकॅनिक यासाठी सिरीज बोर्ड वापरतात : फेजच्या वाटेत १०० वॉटचा साधा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण एसएमपीएस वाचतो. एटी एसएमपीएस भाराशिवाय नीट चालत नाही, म्हणून एखादी जुनी हार्ड डिस्क जोडूनच व्होल्टेज मोजावे. बोर्डाला जाणाऱ्या दोन जोडण्या बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींशेजारी याव्यात. उलट बसवल्यास बोर्ड गेलाच म्हणून समजावे.

बॅटरीची गळती : बोर्डाच्या नाशाचे सर्वांत मोठे कारण हेच असावे, असे अनुभवी दुरुस्तीकारांच्या लिखाणावरून दिसते. आयबीएमने १९८४ च्या एटीमध्ये घड्याळ व सीमॉस स्मृती (संच बंद असताना बॅटरीवर त्याची मांडणी जपणारी) दिली. पुढे तैवानी बोर्डांवर त्यासाठी ३.६ व्होल्टची पिंपाकृती निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली येऊ लागली. ती बहुधा कीबोर्डच्या पाच पिनी सॉकेटजवळ असते. गळती सुरू झाली की आधी बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमते. मग शेजारच्या तांब्याच्या ट्रॅकचा हिरवा मुलामा गडद पडतो. तो नखाने उचलला, तर खालचे तांबे काळे होऊन भुगा झालेले आढळते. त्याच टापूत कीबोर्ड नियंत्रक ८०४२ असल्याने पहिली तक्रार बऱ्याचदा ‘कीबोर्ड चालत नाही’ अशी असते आणि कीबोर्ड बदलून बदलून माणूस थकतो.

गळणारे द्रव्य आम्ल असते असा दुकानांतून पक्का समज आहे. त्यापोटी त्यावर खायचा सोडा चोळला जातो. वस्तुतः ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली आहे. सोड्याने त्याचे उदासिनीकरण होत नाही. पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने लावावा, फसफस थांबल्यावर डिस्टिल्ड वॉटरने धुवावे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. व्हिनेगर बोर्डावर राहू देणे तितकेच घातक. तुटलेले ट्रॅक मल्टिमीटरच्या बीपवर एकेक तपासून बारीक तारेने जोडतात. नव्या बॅटरीऐवजी सीआर२०३२ हा नाण्यासारखा लिथियम सेल बसवायचा असल्यास वाटेत डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) घालणे अनिवार्य ठरते. बोर्ड जुन्या बॅटरीला भारित करीत असे आणि लिथियम सेल भारित करण्यासाठी नसतो. काही बोर्डांवर डीएस१२८७ सारखी घड्याळ-चिप असते. तिच्या पोटातच लिथियम सेल बंद केलेला असल्याने वरचे प्लास्टिक कोरून बाहेरून सेल जोडावा लागतो.

फुगलेले कॅपॅसिटर आणि त्यांच्या कारणाचा वाद : सुमारे १९९९ ते २००७ या काळातील बोर्डांवर प्रोसेसरभोवतीचे ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (जुन्या रेडिओ मेकॅनिकांच्या तोंडी ‘कंडेन्सर’) डोक्यावर फुगून तपकिरी द्रव्य ओकताना आढळतात. कारणाविषयी तीन मते आहेत. पहिले, २००२ च्या सुमारास व्यापारी नियतकालिकांतून पसरलेले : जपानमधील एका उत्पादकाच्या इलेक्ट्रोलाइटचे (कॅपॅसिटरमधल्या वाहक द्रवाचे) सूत्र चोरून तैवानपर्यंत नेण्यात आले, मात्र त्यातील स्थिरीकारक द्रव्ये त्या सूत्रात नव्हती. दुसरे मत रासायनिक आहे. कमी अंतर्गत रोधासाठी पाण्याचे प्रमाण वाढवलेल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये निरोधक द्रव्ये अपुरी पडली, पाण्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड व हायड्रोजन तयार झाला आणि वायूच्या दाबाने डोके फुगले. तिसरे मत स्थानिक म्हणावे असे : ‘नागपूरच्या उन्हाने फुगले.’

यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चोरीची कथा रंजक आहे, पण त्याच काळात काही जपानी मालिकांचे कॅपॅसिटरही निकामी झाले. त्यांचा दोष द्रव्य जास्त भरले गेल्याचा मानतात. एवढा मोठा प्रकार एका अपुऱ्या सूत्रावर ढकलता येत नाही. ही कथा पुराव्यापेक्षा पुनरुक्तीवर अधिक तगली आहे. उन्हाचे मत पूर्ण टाकाऊ नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा उद्योगातला सर्वमान्य आडाखा आहे आणि २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तथापि त्याच मालिकांचे बोर्ड थंड देशांतही तसेच फुगले. उष्णतेने मरण लवकर आणले, रोग आधीचाच होता.

या चर्चेचा व्यावहारिक अर्थ असा की ३८६–४८६ बोर्डांवर सरसकट सगळे कॅपॅसिटर बदलण्याची सध्याची रीत बरीचशी अनाठायी आहे. ते बोर्ड त्या साथीच्या आधीचे. त्यांच्यावर धोका असतो तो १२ व्होल्टच्या वाटेवरील थेंबाएवढ्या टँटॅलम कॅपॅसिटरांचा. ते शॉर्ट होऊन एसएमपीएस बंद पाडतात किंवा आवाज करून जळतात. एसएमपीएसमधील पारदर्शक पिवळसर आवरणाचे कागदी कॅपॅसिटर मात्र तडे दिसताच बदलावेत. तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि पुरवठा जोडताच ते उग्र धूर सोडतात. वैदर्भीय घरांतला कूलर इथे दुहेरी भूमिका करतो : खोली थंड ठेवतो, पण ओलावा व पाण्यातल्या क्षारांचे बारीक शिंतोडेही संचावर सोडतो. पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा तरीही कूलरची खोली बरी, वाऱ्याच्या झोतात संच ठेवला नाही म्हणजे झाले.

निदान : वीज ठीक असूनही ‘नो डिस्प्ले’ असल्यास रॅम व कार्डे काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासतात. हा उपाय हास्यास्पद वाटला तरी वारंवार लागू पडतो. रबराचा चुरा मात्र स्लॉटमध्ये पडू देऊ नये. पुढचे निदान बीपवरून किंवा ‘पोस्ट’ कार्डावरून होते; सुरू होतानाच्या स्वतपासणीचे (पोस्ट) टप्पे संगणक ८० एच या पोर्टवर आकड्यांत कळवतो आणि हे कार्ड ते दाखवते. एएमआय बायोसचे (बायोस म्हणजे संगणक सुरू करणारी, बोर्डावरच्या चिपमधली आज्ञावली) आठ लहान बीप डिस्प्लेच्या स्मृतीकडे बोट दाखवतात. सीमॉस पुसला गेल्यामुळे हार्ड डिस्क सापडत नसेल, तर तिचे सिलिंडर, हेड व सेक्टर हाताने भरावे लागतात. डिस्क मेली असे ठरवण्याची घाई बहुधा याच टप्प्यावर होते. जुन्या बायोसला ५०४ मेगाबाइटांपलीकडची डिस्क पूर्ण दिसत नाही.

खोक्याचा पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड व सूर्यप्रकाश यांचा प्रयोग २००८ पासून प्रचलित आहे. पिवळेपणा ब्रोमीनयुक्त अग्निरोधकामुळे की एबीएस प्लास्टिकच्याच ऑक्सिडीकरणामुळे, याबद्दल मतभेद आहेत. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात काम लवकर होते, पण लेप वाळल्यास प्लास्टिकवर ढगाळ पट्टे उमटतात.

मजकुराची सुटका : फ्लॉपी वाचताना ३६० किलोबाइटची तबकडी १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये केवळ वाचावी, तिच्यावर लिहू नये. तिच्या अरुंद हेडने लिहिलेले जुन्या ३६० किलोबाइटच्या ड्राइव्हला नीट वाचता येत नाही. हार्ड डिस्क फिरू लागली तर आधी तिची पूर्ण प्रत काढावी, बाकी सगळे नंतर. मराठी मजकुराचा प्रश्न वेगळा आहे. आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेल्या व पुढे सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने प्रसृत केलेल्या जिस्ट कार्डावर (संगणकात भारतीय लिपी आणणारे कार्ड) तयार केलेल्या फायली इस्की या भारतीय लिपींच्या संकेतात असतात. १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या या संकेताचे युनिकोडमध्ये रूपांतर बरेचसे यांत्रिक रीतीने होते. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरच्या पानमांडणीच्या, फायलींचे तसे नाही : त्यांत अक्षरांऐवजी त्या त्या फाँटमधल्या आकृत्यांचे क्रमांक साठवलेले असतात. त्यामुळे संच कबाडीकडे जाण्याआधी त्यातली फाँटची फोल्डरेही उतरवून घ्यावी लागतात. फाँट हरवला तर फाइल उघडते, पण तिच्यात मराठी दिसत नाही.